पायाखालचा पत्रा

नवं घर बघायला गेलो की आपण आधी काय बघतो? भिंतींचा रंग, ओट्याचा दगड, खिडक्यांचे पडदे. मोरीचा उतार बरोबर आहे का, भिंतीच्या बुडाला ओल धरली आहे का, हे वाकून बघणारी बाई शंभरात एखादीच. गाडीचंही तसंच असतं. एखादी जुनी जीप रंगवून, नवीन हूड चढवून रस्त्यावर आली की सगळे माना वळवून बघतात. "काय ठेवलीय गाडी!" म्हणतात. पण ज्यावर पाय टेकून बसायचं, तो तळाचा पत्रा कसा आहे हे कुणी विचारत नाही.

आज त्या पत्र्याविषयीच लिहायचं आहे. हसू नका हं मैत्रिणींनो! ही बाई लोणची-पापड सोडून वेल्डिंगच्या गप्पा कुठं मारायला लागली, असं वाटेल. पण आमच्या गावातल्या एका जीपचा तळ बदलताना मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बघितला आणि त्यातून जे कळलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लढाईतून आलेली गाडी

आधी थोडी जीपची कुळकथा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून पुढं, विलिज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. चिखल, दगड, ओढे तुडवत जाणारी गाडी. तिच्या तळाला पाणी सोडण्यासाठी बुचाची भोकंसुद्धा ठेवलेली असत. मात्र त्याच तळाखाली एक गोम होती. पत्र्याला आधार म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या लावत आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरत. हे लाकूड पाणी पिऊन बसायचं आणि लोखंड आतून कुजायचं. लढाईच्या धामधुमीत गाडी तीस-चाळीस वर्षं टिकली पाहिजे, असा विचार कोण करतो? पण लोकांनी ती जपली, आणि आज जगभर जुन्या जीप दुरुस्त करणारे पहिल्यांदा तळालाच हात घालतात.

आपल्याकडे महिंद्रांनी १९४५ साली लुधियानात पोलादाचा व्यापार सुरू केला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिज जीपची जोडणी होऊ लागली. पुढं 'सीजे थ्री-बी' हे मॉडेल आपल्या खेड्यापाड्यांत घरचं झालं. अमेरिकेत ते १९५३ साली निघालं आणि १९६८ ला बंद पडलं. आपल्याकडे मात्र ते पुढंही बनत राहिलं. त्याचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. तहसीलदार, पाटबंधारे खातं, साखर कारखाना, डॉक्टर, सगळ्यांच्या दारात ही उंच बॉनेटवाली जीप उभी असायची. तुमच्यापैकी कितीतरी जणींची वरातसुद्धा तिच्यातूनच निघाली असेल!

काकूंची जीप

आमच्या कोकणातल्या गावातही अशी एक जीप आहे. १९७४ सालची. गावातल्या जुन्या डॉक्टरांनी घेतली होती. वाड्यावाड्यांवर जाऊन रोगी तपासायचे, रात्री-अपरात्री बाळंतपणाला जायचे, सगळं हिच्यातून. डॉक्टर गेले, पण काकूंनी जीप विकली नाही. आमच्या महिला मंडळाची आरोग्य शिबिरं असली की काकू किल्ली काढून द्यायच्या. डोंगरातल्या ज्या दोन-तीन वाड्यांपर्यंत पावसाळ्यात दुसरी गाडी धड चढत नाही, तिथली अडलेली बाई खाली आणायची वेळ आली की पहिला फोन काकूंच्या घरी यायचा. पैशाचा प्रश्नच नाही. "डॉक्टरांची गाडी आहे, ती आजाऱ्याच्या कामाला यायलाच हवी," एवढंच त्यांचं म्हणणं.

आता आमच्याकडचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्यात खारं वारं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतोच, पण मीठ असलं की तो दुप्पट जोरानं धावतो. जीपला हूड ताडपत्रीचं, बाजूनं पाणी आत येतंच. वर पायाखाली काथ्याची चटई. दिसायला छान, पण चटई भिजली की चार-चार दिवस वाळत नाही. ओला पोतेरा लोखंडी घमेल्यावर टाकून ठेवा, म्हणजे खालच्या पत्र्याचं काय होत असेल ते कळेल.

२०२० च्या जानेवारीत तळाला दोन-तीन भोकं पडलेली दिसली, म्हणून काकूंच्या पुतण्यानं जीप तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या कारागिरानं सांगितलं, "सकाळी ठेवा, संध्याकाळी न्या." आणि खरंच संध्याकाळी गाडी मिळाली. जुन्या कुजक्या पत्र्यावर नवीन पत्रा टाकला, रिव्हेट मारल्या, वरून डांबरी शीट चिकटवली आणि काळा रंग फासला. आरशासारखा तळ! बिलही बेताचं.

मग २०२२ चा जुलै. वरच्या वाडीतून पहिलटकरणीला खाली आणत होते. पुढच्या सीटवर आमची आशाताई बसली होती. उतारावरच्या खड्ड्यात गाडी आदळली, तिनं तोल सावरायला पाय दाबला आणि पत्रा फाटून पाय घोट्याच्या वरपर्यंत आरपार खाली गेला. गाडी अगदी हळू होती म्हणून पाय वाचला. पिंढरी सोलून निघाली, नऊ टाके पडले. बाळंतीण सुखरूप पोचली, मुलगा झाला. पण आशाताई दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाली ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. "ताई, वरनं नवा दिसत होता हो पत्रा!"

वरून झाकलं की संपलं?

हे असं का झालं, ते मला नंतर समजलं. गंज म्हणजे नुसता लाल रंग नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मधे तो वाढायला लागला की फुगतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलत जातो. वर डांबरी शीट असल्यामुळे पाणी सुकायला वाव नाही. रिव्हेटा मारल्या त्या कुजक्या पत्र्यालाच. म्हणजे सडलेल्या साडीला नवी फॉल लावण्यातला प्रकार. फॉल शाबूत राहते, साडी तिच्या कडेनं फाटते!

गव्हावर तांबेरा पडला तर शेतकरी वरून हिरवा रंग मारत नाही. पण गाडीला आणि घराला आपण सर्रास तसंच करतो.

घरातल्या पुरुष मंडळींचं मत पडलं, "भंगारात द्या." भंगारवाला येऊन दर सांगूनही गेला. दुसरं मत, "पुन्हा एक पत्रा ठोका, आणखी दोन वर्षं जातील." काकू तेव्हा पंचाहत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "ज्या गाडीनं माणसं वाचवली तिनंच एकीचा पाय फाडला. आता एक तर नीट करायची, नाही तर कुणाला बसवायचं नाही. मधलं काही नको." पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, जीपची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घ्यायची होती. तेव्हा तपासणीला गाडी ठणठणीत हवी, हेही होतंच.

मग एप्रिल २०२३ मध्ये काम काढलं. पावसाच्या आत संपवायचं या बोलीवर. गावातले जुने पत्राकामाचे मिस्त्री, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, ते तयार झाले. पण त्यांची नजर मंदावलेली, हात कापायला लागलेला. वेल्डिंग कुणी करायचं? आमच्या बचत गटातल्या एकीच्या मुलीनं आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला होता. खिडक्यांचे गज आणि गेट बनवायच्या कारखान्यात ती रोजावर जात होती. मी तिचं नाव सुचवलं, तर चाचा पटकन म्हणाले, "पोरीचं काम नव्हं हे बाई. गेटचं लोखंड जाड असतं, हा पत्रा कागद आहे." ती म्हणाली, "चाचा, एक जुना पत्रा द्या, त्याच्यावर मारून दाखवते. नाही जमलं तर घरी जाते." त्यांनी दिला. तिनं जोड मारून दाखवला. चाचांनी तो उलटा करून पाहिला, बोटानं चाचपला आणि तिला विचारलं, "उद्या किती वाजता येतेस?"

आधी माप, मग कात्री

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी धडाधड पत्रा कापायला घेतील. छे! पहिले तीन दिवस नुसती तपासणी आणि मापं.

चटई, सीट, डांबरी शीट सगळं काढलं. चाचा हातोडीच्या दांड्यानं तळभर टकटक करत फिरले. चांगला पत्रा 'टण' वाजतो, कुजका 'भद' वाजतो. माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, अगदी तसंच. जिथं शंका तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबायचं. आत गेलं की खडूनं खूण. एका ठिकाणी लोहचुंबक चिकटेचना. म्हणजे तिथं पत्राच नव्हता, कुणीतरी कधीकाळी लांबी भरून वर रंग दिला होता!

खडूची खूण भोकाभोवती करायची नाही, तर जिथून पुढं पत्रा चांगला 'टण' वाजतो तिथपर्यंत करायची. भोक असतं रुपयाएवढं, पण पातळ झालेला भाग ताटाएवढा. ठिगळ नेहमी धडक्या कापडाला लावावं, विरलेल्याला लावलं तर ते आणखी फाडतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग कापण्याआधी त्यांनी जीपच्या बॉडीला आतून आडव्या-तिरक्या लोखंडी अँगलच्या पट्ट्या टाकून जखडलं. का, तर तळाचा पत्रा हाच बॉडीला चौकात धरून ठेवतो. तो काढला की बाजू आत किंवा बाहेर झुकतात आणि मग नवा पत्रा जन्मात बसत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर दोरीनं मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे चौकट सरळ. सुतार दाराची चौकट बसवताना हेच करतो. शिवाय दोन्ही बाजू एकदम कापल्या नाहीत. आधी डावी पूर्ण केली, मग उजवी. एक बाजू उभी असली की दुसरी तिच्याकडे बघून नीट बसते.

पत्र्याची बेतणी

बाजारात तयार तळ मिळतो. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या जीप बांधायचा मोठा धंदाच आहे. पण चाचांनी थोडा भाग तयार घेतला आणि बाकीचा हातानं घडवला. अठरा गेजचा पत्रा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाड. आठ बाय चारचा एक पत्रा साधारण २८ किलो भरतो. तिघांनी उचलून आत आणला.

पत्र्याला कात्री लावण्यापूर्वी खोक्याच्या पुठ्ठ्याची बेतणी केली. इथं मात्र मी आणि काकू कामाला आलो! ब्लाउज बेतणाऱ्या बाईला पुठ्ठा कापायला सांगायला लागत नाही. कारण तळ हा नुसता चौकोन नसतो. क्लच आणि ब्रेकचे दांडे त्यातून वर येतात. मधे गिअरबॉक्सवरचं झाकण, त्यातून गिअरच्या दांड्या. ब्रेक ऑइल बघायचं छोटं झाकण. पुढं पाय टेकायचा तिरका पत्रा. आणि चासीवर बॉडी जिथं बोल्टनं बसते, ती भोकं. यातलं एक जरी अर्ध्या बोटानं सरकलं तर ब्रेकचा दांडा कडेला घासणार. तो खेळ नव्हे.

सपाट पत्रा टाकला तर तो तव्यासारखा 'टक-टक' वर-खाली होतो. म्हणून तळावर उभ्या कंगोऱ्या असतात. ती नक्षी नाही. छपराचा पन्हाळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ का राहतो, त्याचंच हे उत्तर. खालच्या टोपीसारख्या पट्ट्यांपैकी दोन हातानं चुरडल्या जात होत्या. त्यातून निघालेली लाल माती टोपलीभर होती! त्या पट्ट्या नवीन केल्या. नुसता वरचा पत्रा बदलून त्या तशाच ठेवल्या असत्या, तर नवा पत्रा कशावर बसला असता?

मग कच्ची जोडणी. पत्रा आत ठेवायचा, शिकंज्यांनी धरायचा, चासीचे बोल्ट हातानं लावून बघायचे, दांडे वर-खाली करून बघायचे, परत काढायचा, कडेनं घासायचा, परत ठेवायचा. किती वेळा? मी सात वेळा मोजलं, मग चहा करायला गेले. चाचा म्हणाले, "वेल्डिंग सोपं आहे बाई. बसवणं अवघड."

ठिणगी पडण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचं. या जुन्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. म्हणजे जिथं वेल्डिंग करायचं, तिथंच! टाकी काढून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. पुतण्या म्हणाला, "पेट्रोल नाहीये तिच्यात, राहू दे की." त्यावर ती मुलगी म्हणाली, "दादा, रिकामी टाकीच जास्त वाईट. पेट्रोल नसलं तरी वाफ असते, भडका तिचा होतो." सिलिंडर संपला तरी शेगडीजवळ वास आला तर आपण काडी ओढत नाही, तसंच. बॅटरीच्या तारा सुटवल्या. ब्रेकची नळी जवळून जात होती, ती बाजूला घेऊन झाकली. वाळूची बादली हाताशी ठेवली.

आणखी एक. तिनं नायलॉनची ओढणी काढून ठेवली, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, केस बांधून रुमालात, पायात बूट. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघितला तर तेव्हा काही वाटत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखी आग होते, पाणी वाहतं. तिनं काच असलेला मुखवटा स्वतः घातलाच, पण आम्हा बघ्यांनाही दाराबाहेर काढलं. शेजारची पोरं डोकावत होती, त्यांना तर चांगलंच दरडावलं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगला घ्यायचा झाला तर जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढावं लागतं. त्याचा धूर नाकातोंडात गेला तर थंडी वाजून ताप भरतो. हे सगळं ती कोर्समध्ये शिकली होती. चाचा चाळीस वर्षं काळा चष्मा न लावता काम करत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठीही मुखवटा आला. त्यांनी कुरकुर केली, पण घातला!

टाका इथं, टाका तिथं

जाड लोखंडाला जोडताना एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत वेल्डिंग ओढत नेता येतं. पातळ पत्र्याला तसं केलं तर तो तापून पापडासारखा वाकडा होतो. साधं कांडीचं वेल्डिंग तर भोकच पाडतं. म्हणून तारेचं, ज्याला वर्कशॉपमध्ये 'सीओटू' म्हणतात, ते मशीन भाड्यानं आणलं. आधी चार कोपऱ्यांत चार टिपके. मग मधोमध. मग या बाजूला इंचभर, त्या बाजूला इंचभर. हात लावता येईल इतका पत्रा निवला की पुढचा टाका. आपण मोठ्या पडद्याला आधी टाचण्या, मग धावदोरा घालतो आणि मगच मशीनवर घेतो, तसाच क्रम.

खालच्या पट्ट्यांना पत्रा जोडताना वरच्या पत्र्यात ओळीनं भोकं पाडली आणि त्या भोकांतून वेल्डिंग भरून खालच्या पट्टीला धरलं. कारखान्यात दोन पत्रे चिमट्यात दाबून टिपक्यांनी जोडतात, त्याची ही हातानं केलेली बरोबरी. जिथं पत्र्यावर पत्रा येणार, तिथं आधीच जस्ताचा प्रायमर लावला होता. का, ते आता तुम्हीच सांगाल! एकदा जोड बंद झाला की आत ब्रश जात नाही, पाणी मात्र जातं.

नंतर ग्राइंडरनं जोड घासले, सगळ्या शिवणींवर वरून आणि खालून सील भरलं, प्रायमर, दोन हात रंग, खालून गाडीच्या तळाला लावतात तो जाड थर. पण पाणी जायची भोकं त्या थरानं बुजू दिली नाहीत. प्रत्येक भोकात चाचांनी काडी घालून ठेवली होती. आणि डांबरी शीट? ती परत लावलीच नाही. काथ्याच्या चटईऐवजी भोकाभोकांची रबरी चटई, उचलून झटकता येणारी.

शेवटच्या दिवशी काकूंनी स्वतः दोन बादल्या पाणी आत ओतलं आणि आम्ही सगळ्या जणी जमिनीवर वाकून खाली बघत बसलो. भोकांतून पाणी सरळ खाली आलं. एकाही जोडातून थेंब नाही.

मजुरीचा प्रश्न

कामाला एक महिना आणि चार दिवस लागले. गंमत बघा, पत्रा, मशीनचं भाडं, रंग, कुणी कशाला नाही म्हटलं नाही. पण मुलीच्या मजुरीवर चर्चा झाली! "शिकाऊच आहे, निम्मी द्या." मी बोलायच्या आधी चाचाच म्हणाले, "जोड निम्मा मारलाय का तिनं?" काकूंनी पूर्ण मजुरी दिली, आणि कागदावर लिहून दिली. असे कागद पुढं उपयोगी पडतात. आज ती मुलगी गेट-गजांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टेम्पोचे तळही करते. लोकांना सांगावं लागतं, तेव्हा चाचा सांगतात.

२०२३ चा आणि २०२४ चा, असे दोन पावसाळे त्या तळानं काढले. २०२४ मध्ये तपासणी होऊन नोंदणीही झाली. आशाताई पहिल्यांदा बसायला घाबरली. तिनं आधी चटई उचलून पत्र्यावर टाच आपटून पाहिली, मग बसली. तिनं केलं तेच बरोबर, असं मला वाटतं.

तुमच्या दारात जुनी जीप असेल तर

गाडी घरच्या पुरुषाच्या नावावर असते, तरी तिच्यात मुलं-बाळं घेऊन बसतो आपण. तेव्हा एवढं तरी बघाच.

• पावसाळा संपला की चटया बाहेर काढून दोन दिवस उन्हात टाका. तळ कोरडा होऊ द्या.

• टाचेनं आणि हातोडीच्या दांड्यानं तळ वाजवून बघा. दरवर्षी, पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

• पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करा. समुद्राजवळ राहत असाल तर गाडी खालूनही गोड्या पाण्यानं धुवा.

• मिस्त्रीला विचारा, "जुना पत्रा कापून काढणार ना?" वरून टाकतो म्हणाला तर दुसरा मिस्त्री बघा.

• "टाकी काढली का, बॅटरी सुटवली का?" हे वेल्डिंगच्या आधी विचारायला लाजू नका.

• रंग देण्याआधी जोड बघायला जा. वरून आणि खालून, दोन्हीकडून. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

• गाडीचं मूळ रूप बदलू नका. कागदावर जशी नोंद आहे तशीच गाडी हवी. पन्नास वर्षांच्या वरच्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी विंटेज नोंदणीही आहे. पण ती नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

गॅरेजच्या दारात बाई उभी राहिली की "साहेबांना पाठवा" असं म्हणायची पद्धत अजून गेलेली नाही. पण माठ वाजवून घेणाऱ्या, कापडाचा विरलेला भाग बोटाला ओळखणाऱ्या, टाचण्या लावल्याशिवाय मशीनवर कापड न घेणाऱ्या बाईला पत्र्यातलं काय कळत नाही? थोडी भाषा वेगळी, एवढंच. ती विचारून विचारून येते. तेव्हा पुढच्या वेळी गाडी कामाला गेली की तुम्हीच जा, चटई उचला आणि विचारा, "याच्या खाली काय आहे?"